अडचणीतला कारखाना सावरणारा माणूस आपल्याच कारखान्यात कसा घडवायचा

भोसरी, वाळूज, शिरोली, सातपूर, कुठल्याही एमआयडीसीत गोष्ट साधारण सारखीच घडते. कारखाना तोट्यात जातो. मालक वर्षभर एकटाच धावपळ करतो. मग थकतो आणि सगळ्यात जुन्या सुपरवायझरला किंवा बाहेरून आणलेल्या इंजिनिअरला बोलावून सांगतो, "आजपासून तू प्लॅन्ट हेड. काहीही कर, पण हे रुळावर आण." केबिन मिळते, दोन दिवसांचं नेतृत्वाचं शिबिरही होतं. पण बँकेत किती पैसे आहेत हे त्याला कुणी सांगत नाही. कुठल्या पुरवठादाराला आधी पैसे द्यायचे हे त्याच्या हातात नसतं. पर्चेसला बसलेल्या मालकाच्या मेहुण्याला तो एक प्रश्न विचारू शकत नाही. सहा महिन्यांत तो सोडून जातो आणि मालक म्हणतो, "चांगली माणसं मिळतच नाहीत."

चूक क्रमाची असते. पद आधी, शिबिर मग, जबाबदारी त्यानंतर, आणि अधिकार जमलेच तर शेवटी. हा क्रम उलटा करायला हवा. आधी खरे आकडे, मग लेखी अधिकार, मग एक छोटं पण खरं काम, आणि पद सगळ्यात शेवटी.

पुढच्या पायऱ्या साधारण ३० ते २०० माणसांच्या, माल बनवणाऱ्या कारखान्यासाठी आहेत. उदाहरणं मशीन शॉपची आहेत, कारण माझी वीसेक वर्षं तिथेच गेली. साखर कारखाना किंवा सूतगिरणीसारख्या सहकारी संस्थांचे कायदे आणि तिथलं राजकारण वेगळं, त्यांना हे जसंच्या तसं लागू होणार नाही.

## १. आधी मोजा: हातात किती दिवस आहेत

माणूस घडायला वेळ लागतो. माझ्या अनुभवात कमीत कमी सहा महिने, बहुतेक वेळा नऊ. तेवढा काळ कारखाना तगेल का, हे पाहिल्याशिवाय पुढचं काही सुरू करू नका. एका कागदावर चार गोष्टी लिहा:

- आजची बँकेतली शिल्लक आणि सीसी (कॅश क्रेडिट) खात्यातून अजून उचलता येईल ती रक्कम
- पुढच्या आठ आठवड्यांत नक्की येणारे पैसे ("येतील बहुतेक" असे धरायचे नाहीत)
- त्याच आठ आठवड्यांत टाळता न येणारी देणी
- आजवर थकलेली सगळी देणी, प्रत्येकाच्या तारखेसकट

तारखांचा आग्रह बँकेमुळे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे हप्ता थकला की खातं ३० दिवसांपर्यंत एसएमए-० (एसएमए म्हणजे बिघडू लागलेलं, लक्ष ठेवायचं खातं), ३१ ते ६० दिवसांत एसएमए-१, ६१ ते ९० दिवसांत एसएमए-२, आणि ९० दिवस उलटले की एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. सीसी खात्यात उचल सलग मर्यादेच्या वर राहिली तरी दिवस मोजले जातात. एकदा एनपीए झालं की थकलेलं सगळं व्याज आणि सगळं थकीत मुद्दल भरल्याशिवाय खातं पुन्हा नियमित होत नाही. थोडे पैसे टाकून तारीख पुढे ढकलायची सवय ज्यांना आहे, त्यांनी हे नीट लक्षात घ्यावं.

एक वाट फार थोडे मालक वापरतात. २५ कोटींपर्यंत कर्ज असलेल्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये पुनरुज्जीवनाची चौकट लागू केली. खातं बिघडणार असं दिसताच मालक स्वतःहून बँकेला अर्ज करू शकतो. मग बँकेची समिती सुधारणा, पुनर्रचना किंवा वसुली यातला मार्ग ठरवते. अर्ज वेळेत केला तर पहिल्या दोन मार्गांना वाव राहतो. लपवत राहिलो तर तिसराच उरतो.

तपासा: आठ आठवड्यांची तूट वसुली आणि पडून असलेला माल विकून भरून निघते का? निघत नसेल तर माणूस घडवायचं काम सध्या बाजूला ठेवा. आधी सीएला घेऊन बँकेत जा. ज्याला पुढे घडवायचं आहे त्याला सोबत न्या, पण फक्त ऐकायला.

## २. माणूस पारखून घ्या

मुलाखतीत हा माणूस ओळखता येत नाही. नावडत्या बातमीसमोर तो कसा वागतो, हे बघावं लागतं. म्हणून दोन-तीन जण मनात धरा आणि प्रत्येकाला दोन आठवड्यांचं एकच काम द्या: "मागच्या तीन महिन्यांतलं रिजेक्शन कुठल्या पार्टमध्ये, कुठल्या मशीनवर, कुठल्या पाळीत झालं, ते एका पानावर लिहून दे."

पान आलं की आकड्यांच्या आधी चार गोष्टी पहा. तो रात्रपाळीला स्वतः जाऊन आला का? रजिस्टरमधला आकडा आणि भंगाराच्या पेटीतला माल जुळतात का, हे त्याने पाहिलं का? त्याच्या स्वतःच्या खात्याची, किंवा तुमची, एखादी चूक त्या पानावर आहे का? आणि जे कळलं नाही ते "कळलं नाही" असं त्याने लिहिलं का? चारपैकी तीन मिळाले तरी माणूस कामाचा आहे.

सगळ्यात हुशार सेटर (मशीन जॉबसाठी लावून देणारा कारागीर) बहुतेक वेळा चुकीची निवड ठरतो. बिघाड झाला की तो स्वतः पाना घेऊन मशीनखाली शिरतो, आणि तोवर बाकीच्या दहा गोष्टी तशाच पडून राहतात. त्याचा मान ठेवा, पगार वाढवा, पण हे काम त्याच्यावर लादू नका.

पैसा नेमका कुठे अडकलाय हे माहीत असलेली माणसं बऱ्याचदा अकाउंट्स, क्वालिटी किंवा डिस्पॅचमध्ये असतात, आणि त्यांत बायका बऱ्याच असतात. मालकाच्या यादीत त्यांचं नाव येत नाही. ते यायला हवं. तुमची उधारी रोज फोन करून वसूल करणाऱ्या बाईंना गिऱ्हाइकांचे स्वभाव तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत.

घरचा मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांनाही हेच काम द्या, सवलत न देता. शक्य असेल तर पहिले सहा महिने त्यांचा रोजचा वरिष्ठ वडिलांखेरीज दुसरा कुणी असू द्या. वडिलांसमोर मुलगा खरं बोलायला कचरतो, आणि वडीलही त्याला चुकू देत नाहीत.

सावधान: मोठ्या कंपनीतून आलेल्या माणसाच्या बायोडेटावर भुलू नका. तिथे मागणी टाकली की टूल येतं. तुमच्याकडे पुरवठादाराचे चार महिन्यांचे पैसे थकलेले असतात आणि तरी टूल आणायचं असतं. त्याला एवढंच विचारा: "पैसे थकलेल्या पुरवठादाराकडून माल कधी आणलाय का? कसा आणला ते सांगा." उत्तर दोन मिनिटांत कळतं.

## ३. अधिकार कागदावर द्या

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि पुढचं सगळं तिथेच ढासळतं. मी स्वतः एका कारखान्यात तोंडी शब्दावर काम हाती घेतलं होतं. तिसऱ्या आठवड्यात मी थांबवलेली खरेदी मालकांच्या घरातून आलेल्या एका फोनवर पुन्हा सुरू झाली. त्या दिवसापासून शॉप फ्लोअरवर माझ्या शब्दाला किंमत उरली नाही, आणि ती परत मिळाली नाही. आता मी कागदाशिवाय कुणालाही पुढे जाऊ देत नाही.

कागद एकच पान. त्यावर:

- कुठलं काम त्याचं आहे: एखादी लाईन, एखादं गिऱ्हाईक किंवा वसुली, मुदतीसह
- तो कुणाला न विचारता काय थांबवू शकतो: ऑर्डर नसलेल्या मालाची खरेदी, आखणीशिवायचा ओव्हरटाईम, थकबाकीदाराकडे जाणारा माल
- किती रुपयांपर्यंतचा खर्च तो स्वतः ठरवेल
- काय ठरवू शकत नाही: मशीन विकणं, नवं कर्ज, कामगार कमी करणं
- कुठले आकडे त्याला रोज दिसतील: बँक शिल्लक, येणी, देणी, ऑर्डर
- नात्यातल्या माणसांची खाती त्याच्या प्रश्नांच्या कक्षेत आहेत, हे एका स्पष्ट वाक्यात

चेकवर सही कुणाची, हा प्रश्न इथे निघतोच. माझं उत्तर ठाम आहे: सही मालकाची, क्रम त्याचा. या आठवड्यात कुणाला आधी आणि किती द्यायचे, हे तो लिहून देणार. मालक सही करेल किंवा नकाराचं कारण त्याच कागदावर लिहील.

सावधान: नोकरीतल्या माणसाला घाईघाईने डायरेक्टर करू नका आणि त्याच्याकडून बँकेला वैयक्तिक हमी देववू नका. बाउन्स झालेल्या चेकचं प्रकरण सही करणाऱ्याच्या दारात जातं. ज्याने हा तोटा केला नाही त्याच्या घरावर तो टाकणं अन्याय आहे, आणि असा धाक घेतलेला माणूस निर्णय घेऊ शकत नाही.

तपासा: कागद झाला की सगळ्या खातेप्रमुखांसमोर मालकाने तो स्वतः वाचून दाखवला का? नोटीस बोर्डावर लावणं पुरेसं नाही. मालकाच्या तोंडून ऐकलेलंच लोक मानतात.

## ४. पहिले पंधरा दिवस: फक्त बघणं

नवा माणूस पहिल्या आठवड्यात काहीतरी करून दाखवायला उतावीळ असतो. त्याला थांबवा. कागदावरच्या तीन गोष्टी तो लगेच थांबवू शकतो, बाकी काही बदलायचं नाही.

रोज तीन तास चार ठिकाणी: स्टोअर, भंगाराची पेटी, डिस्पॅच आणि अकाउंट्स. स्टोअरमध्ये धूळ बसलेल्या मालाची यादी, खरेदीच्या तारखेसह. भंगाराजवळ प्रत्येक पार्टचं कारण. डिस्पॅचला तयार असून न गेलेला माल, आणि का गेला नाही. अकाउंट्समध्ये परत आलेली बिलं: दर जुळला नाही, पीओचा (गिऱ्हाइकाच्या खरेदी ऑर्डरचा) नंबर चुकला, गेटची पावती हरवली. अडकलेली उधारी बहुतेक अशाच बारीक चुकांत अडकलेली सापडते, गिऱ्हाइकाच्या खोटेपणात कमी.

दोन रात्रपाळ्या पूर्ण करायच्या. जुन्या ऑपरेटरशेजारी उभं राहून विचारायचं, "मामा, ही मशीन पाळीत किती वेळ थांबते, आणि कशासाठी?" उत्तर लिहून घ्यायचं, वाद घालायचा नाही. "हे असं नको करायला" एवढं जरी तोंडातून निघालं तरी दुसऱ्या दिवशी कुणी खरं सांगणार नाही.

## ५. तेरा आठवड्यांचा पैशाचा तक्ता

एवढी एकच गोष्ट नीट शिकवली तरी अर्धं काम होतं, म्हणून इथे रेंगाळतो. नफ्यातोट्याचं पत्रक महिनाअखेरीनंतर येतं आणि मागचं सांगतं. कारखाना मात्र एखाद्या मंगळवारी, पगाराला पैसे नाहीत म्हणून बंद पडतो. तो मंगळवार सहा आठवडे आधी दिसला पाहिजे.

साध्या एक्सेलमध्ये तेरा रकाने, एका आठवड्याला एक. वर सुरुवातीची शिल्लक, खाली येणारे पैसे गिऱ्हाईकवार, त्याखाली जाणारे पैसे, तळाशी अखेरची शिल्लक. भरताना हा क्रम पाळायला लावा:

पहिले, तारखा ठरलेली देणी. टीडीएस ७ तारखेला, पीएफ आणि ईएसआय १५ ला, दरमहा विवरण भरणाऱ्यांचा जीएसटी २० ला. त्यानंतर पगार, वीजबिल, बँकेचा हप्ता आणि व्याज. कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ ही तुमची रक्कम नव्हेच. तो वापरला तर फौजदारी प्रकरण होऊ शकतं. पैसे कमी पडले की सगळ्यात आधी नेमका हाच हप्ता ढकलला जातो, आणि ते सगळ्यात महाग पडतं.

दुसरे, येणी. प्रत्येक गिऱ्हाइकाने मागच्या सहा बिलांचे पैसे प्रत्यक्षात किती दिवसांनी दिले ते काढा आणि तेच दिवस धरा. पीओवर ४५ लिहिलं असेल आणि तो ७८ दिवसांनी देत असेल, तर तक्त्यात ७८.

तिसरे, पुरवठादार. हे शेवटी, कारण लवचीकता इथेच आहे. पण तीही अमर्याद नाही. पुरवठादाराचे पैसे १८० दिवसांत दिले नाहीत तर त्या बिलावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. आणि तुमचा पुरवठादार उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर कायदा त्याच्या बाजूने आहे.

तोच कायदा तुमच्याही बाजूने आहे. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला करारात काहीही लिहिलं तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज केला की प्रकरण असे वाद सोडवणाऱ्या सुलभीकरण परिषदेकडे जातं. रोजच्या गिऱ्हाइकावर हे हत्यार कुणी सहज उगारत नाही, ते मी समजू शकतो. पण वसुलीला बसलेल्या माणसाला हा कायदा पाठ असला की त्याच्या आवाजातली अजिजी जाते. मोठ्या गिऱ्हाइकांसाठी ट्रेड्सचा, म्हणजे बिलांवर आगाऊ पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन बाजाराचा मार्ग जास्त सोयीचा. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी बंधनकारक आहे. गिऱ्हाइकाने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि पैसे थोडी कटौती होऊन लवकर हातात येतात.

आता शिकणाऱ्याला हे गणित स्वतः करू द्या. समजा महिन्याची विक्री ८० लाख आणि उधारी सरासरी ८५ दिवसांची. ती १० दिवसांनी कमी केली तर किती पैसे मोकळे होतात? ८० लाख भागिले ३०, गुणिले १०, म्हणजे जवळपास २६ लाख ६७ हजार. व्याजाशिवाय, तारणाशिवाय, बँकेच्या पायऱ्या न चढता. हा आकडा माणसाने स्वतःच्या हाताने काढला की वसुली हे "अकाउंट्सवाल्यांचं काम" राहत नाही.

तपासा: दर शुक्रवारी मागच्या आठवड्याचा अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा शेजारी लिहायचे. पहिले तीन-चार आठवडे अंदाज बराच चुकेल, त्यावर रागवू नका. सहाव्या आठवड्यानंतरही तो एकाच दिशेला, म्हणजे नेहमी आशावादीच चुकत असेल, तर मात्र माणूस तुम्हाला बरं वाटावं म्हणून आकडे भरतोय. तेव्हा समोर बसवून बोला.

सावधान: बँकेला द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये जुना, न विकणारा माल चालू दराने दाखवून उचल वाढवायचा मोह त्याच्यापुढे येईल, कदाचित तुमच्याच सूचनेने. असं काही शिकवू नका. जो माणूस बँकेला खोटा आकडा द्यायला शिकला तो पुढे तुम्हालाही देईल.

## ६. एक लाईन, नव्वद दिवस

आता खरं काम. सगळा कारखाना नको. एक लाईन किंवा एक गिऱ्हाईक निवडा, ज्यात तोटा आहे पण ती बुडाली तरी कारखाना बुडणार नाही. त्याने घेतलेल्या चुकीच्या निर्णयाची किंमत तुम्हाला परवडली पाहिजे, आणि त्याला ती जाणवलीही पाहिजे.

पहिला प्रश्न: या लाईनवर कुठला पार्ट खरंच पैसे देतो? इथे बहुतेक जण फसतात, म्हणून उदाहरण देतो. पार्ट 'अ' १८० रुपयांना जातो. कच्चा माल ९५, जॉबवर्क (बाहेरून करून घेतलेलं काम) २०, टूल आणि वीज १५. उरतात ५० रुपये. पार्ट 'ब' ४२० ला जातो. माल २३०, जॉबवर्क ६०, टूल आणि वीज ३०. उरतात १००. सगळे म्हणतील, 'ब' च्या ऑर्डरी वाढवा. पण ज्या मशीनपाशी सगळा माल तुंबतो, तिथे 'अ' ला ५ मिनिटं लागतात आणि 'ब' ला २०. म्हणजे 'अ' मिनिटाला १० रुपये देतो, 'ब' फक्त ५. ती मशीन भरलेली असेल तर 'ब' च्या प्रत्येक नव्या ऑर्डरने तुम्ही 'अ' चे पैसे घालवता. मशीन रिकामी असेल तर मात्र 'ब' घेणंही फायद्याचं. हा फरक त्याला मशीनसमोर घड्याळ घेऊन उभं राहून समजायला हवा, पुस्तकातून नव्हे.

त्यानंतर नव्वद दिवसांसाठी तीनच आकडे ठरवा: त्या तुंबणाऱ्या मशीनचे रोजचे चालू तास, रिजेक्शनचे नग आणि वेळेवर गेलेल्या ऑर्डरी. आठ-दहा आकडे दिले की माणूस बरे दिसणारे तेवढे दाखवतो.

कारणांचा क्रमही सांगतो, कारण उत्साही माणूस नवी मशीन मागत येतो. आधी मशीन का थांबते ते मिटवा: टूल नाही, माल नाही, ऑपरेटर जेवायला गेला आणि बदली नाही. मग सेटिंगचा वेळ कमी करा. मग रिजेक्शन. दराची बोलणी त्यानंतर, आणि नवी खरेदी अगदी शेवटी. या क्रमाने गेल्यावर नवी मशीन लागलीच नाही, असं मी अनेकदा पाहिलं आहे.

सावधान: या नव्वद दिवसांत मालकाने त्या लाईनवर जाऊन ऑपरेटरला थेट सूचना देऊ नये. एकही नाही. दिसलेलं संध्याकाळी त्याला सांगा. तुमच्या एका "अरे, हा जॉब आधी लाव" ने त्याचा आठवडा वाया जातो.

## ७. अवघड बोलणी

इथे सराव लागतो आणि तो प्रत्यक्ष करून घ्यावा लागतो. टेबलाच्या पलीकडे तुम्ही बसा, पुरवठादार व्हा, चिडा, ओरडा. त्याला बोलू द्या. दोनदा करा.

पुरवठादाराशी बोलताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे "पुढच्या आठवड्यात बघतो". हे वाक्य त्याच्या तोंडातून कायमचं काढून टाका. त्याऐवजी असं:

"काका, तुमचे चार लाख वीस हजार थकलेत, मला मान्य आहे. आज सगळे देऊ शकत नाही. दर शुक्रवारी पस्तीस हजार, बारा आठवडे. नवा माल जेवढा घेईन त्याचे पैसे गाडी उतरली की. एखाद्या शुक्रवारी जमणार नसेल तर बुधवारी मीच फोन करेन."

पस्तीस हजार तक्त्यात बसतात का, हे आधी पाहूनच बोलायचं. छोटी रक्कम दिलेल्या तारखेला गेली की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आवाज बदलतो. मोठी रक्कम कबूल करून चुकवली तर पुन्हा दारात उभं करत नाहीत.

बँकेत जाताना हातात तेरा आठवड्यांचा तक्ता, थकबाकीची यादी आणि आपण काय थांबवलं त्याची तीन वाक्यं. वाईट बातमी मॅनेजरला आपण सांगायची, संगणकावर त्यांना दिसण्याच्या आधी. पहिल्या भेटीत मालकाने बोलावं, दुसऱ्या भेटीत शिकणाऱ्याने, आणि मालकाने मध्ये तोंड घालू नये.

गिऱ्हाइकाकडे दर वाढवून मागायला जाताना रडगाणं चालत नाही. स्टीलचा दर, जॉबवर्कचा दर, मागच्या वेळचा दर कधी ठरला ती तारीख, एवढंच पान. आणि नकार आला तर पुढे काय, हे आधी ठरलेलं हवं: किती नग आणखी देणार, कधी थांबणार.

कामगारांशी बोलणं सगळ्यात अवघड. पगार उशिरा होणार असेल तर तो दिवस उजाडायच्या आधी, पाळी सुटताना, उभ्याने, सगळ्यांसमोर आणि नक्की तारखेसह सांगायचं. दिवाळीच्या तोंडावर बोनसचा प्रश्न येणार हे ऑगस्टच्या तक्त्यातच दिसलं पाहिजे. ऑक्टोबरमध्ये "बघू" म्हणणाऱ्या माणसावर कामगार पुढचं वर्षभर विश्वास ठेवत नाहीत, आणि त्यांचं चुकत नाही. त्यांची घरं त्या पैशांवर चालतात.

## ८. शुक्रवारची बैठक

अर्धा तास, दार बंद, मोबाईल बाहेर. मालकाने विचारायचे प्रश्न ठरलेले: काय ठरवलं होतं? काय झालं? फरक कशामुळे? पुढच्या आठवड्यात काय वेगळं करणार? माझ्याकडून काय अडलंय?

शेवटचा प्रश्न गाळू नका. पहिले काही शुक्रवार "काही नाही साहेब" असंच उत्तर येईल. ज्या दिवशी तो म्हणेल, "तुमच्या भावाने परवा माझ्या परवानगीशिवाय माल उतरवून घेतला," त्या दिवशी तुमची परीक्षा आहे. तिथल्या तिथे भावाला बोलावून कागद पुढे ठेवलात तर हा माणूस टिकेल. "अरे, घरातलं आहे, सांभाळून घे" म्हणालात तर राजीनामा यायला वेळ लागणार नाही.

उत्तर तुम्हाला माहीत असलं तरी लगेच देऊ नका. त्याचा निर्णय चुकीचा वाटला आणि नुकसान कागदावरच्या मर्यादेत असेल, तर होऊ द्या. मर्यादेबाहेर असेल तर थांबवा आणि कारण लिहा.

## ९. वाढवायचं, की माणूस बदलायचा

नव्वद दिवसांनी तीन आकड्यांपैकी दोन सुधारले आणि तक्त्याचा अंदाज जुळू लागला, तर दुसरी लाईन किंवा संपूर्ण वसुली द्या, नव्या कागदासह. आकडे हलले नाहीत पण कारणं तो स्वच्छ सांगू शकतोय, तर आणखी साठ दिवस द्या. आकडे सुधारले पण लपवाछपवी सापडली, तर थांबा. आकडे पुन्हा बिघडतीलच, आणि तेव्हा तुम्हाला सगळ्यात शेवटी कळेल. अशा माणसाला अपमान न करता जुन्या कामावर परत जाता येईल अशी वाट पहिल्या दिवसापासून उघडी ठेवा. म्हणूनच पद आधी दिलेलं नसतं.

सातव्या-आठव्या महिन्यात दहा दिवस बाहेरगावी जा आणि फोन करू नका. परत आल्यावर तीन कागद पहा: तुम्ही नसताना पुरवठादारांना पैसे कुठल्या क्रमाने द्यायचे ठरले, किती ऑर्डरी वेळेवर गेल्या, आणि त्याने कुठला नवा निर्णय स्वतः घेऊन कारणासह लिहून ठेवला. तिसरा कागद कोरा असेल तर तो अजून तुमची वाट बघतोय. आणखी तीन महिने द्या. लिहिलेला असेल तर पदाचं पत्र टाईप करायला सांगा, पगारासह, आणि त्याच आठवड्यात त्याला एक काम द्या: त्याच्या हाताखालच्या तिघांना रिजेक्शनचं ते एक पान लिहायला लावायचं. ती पानं या वेळी त्याने तपासायची, तुम्ही नाही.